बंद मुठीतला वायसर

मिलिंद, तो वायसर मी टाकला होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरी नाही, देवासमोर नाही, तुझ्या शोकसभेत हातात माईक होता तेव्हाही नाही. तिथे मी भलतंच बोललो. तू किती मोकळ्या मनाचा, रस्त्यात कुणाचीही गाडी बंद पडली तरी कसा थांबायचास, वगैरे. सगळं खरं होतं, म्हणून तर बोलता आलं. खाली बसलो तेव्हा शेजारच्याने मांडीवर थोपटलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही होते म्हणून त्याचं निभावलं." मी मान हलवली. या वाक्याला मान हलवत वीसेक वर्षं काढली आहेत. मानेला आता सवय झाली आहे, मला नाही.

आपल्या मालवाहतूकदारांच्या असोसिएशनची स्मरणिका निघते आहे आणि त्यात तुझ्यावर मी लिहावं असं ठरलंय. सेक्रेटरी म्हणाला, "किशोरभाऊ, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? जन्म, शिक्षण, व्यवसाय ते मी टाकतो. तुम्ही आठवणी द्या." तर बाकीचं तो टाकेल. मी आठवणी लिहायला बसतो आणि उठतो. धुळ्याच्या ऑफिसात सुरुवात केली, दोन ओळी झाल्या की उगाच खाली जाऊन गाड्या बघून आलो. घरी बसलो तर बायको म्हणाली, "काही चावतंय का खुर्चीत?" आत्ता पारोळ्याच्या एका ढाब्यावर बसून लिहितोय. इथे का थांबलो ते पुढे येईल.

आधी तुझ्या मेंबरशिपच्या मतदानाला आत काय झालं ते सांगतो, कारण ते तुला कधी बघायला मिळालं नाही. अर्जदाराला खाली चहाच्या टपरीवर बसवतात आणि वर, स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत, मतदान होतं. असोसिएशन सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्या मंडळींकडे चिठ्ठ्या लिहायला कागद नव्हता, आणि निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. गॅरेजमध्ये बसलेले लोक ते. त्यांनी समोर होतं ते उचललं. प्रत्येकाला एक नट आणि एक वायसर. नवा माणूस हवा असेल तर पिशवीत नट टाकायचा, नको असेल तर वायसर. हत्यारांची जुनी कॅनव्हासची पिशवी, तळाला गाडी पुसायचा कापूस, म्हणजे आवाज होत नाही. हात आत घालून मूठ सोडायची. उरलेलं जे हातात राहील ते दुसऱ्या पिशवीत. एक वायसर निघाला तरी अर्ज वर्षभर बाजूला. अजूनही हेच चालतं. माल भरायला कुणाची गाडी आधी, कुणाची नंतर, तो नंबर आता सेक्रेटरीच्या मोबाइलवर लागतो, पण माणूस आत घ्यायचा तो नट-वायसरने.

तुझ्या वेळी पिशवी उलटी केली तेव्हा सगळे नट खाली पडले आणि त्यात एक वायसर घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. तिथे पडला आडवा. कुणी हात लावेना.

तेव्हाच्या अध्यक्षांनी मलाच खाली पाठवलं, मी तुझा मित्र म्हणून. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाकड्यावर बसला होतास. मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, आधीच आणलेला. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग पुड्याची दोरी सोडलीस आणि शेजारच्या हमालांना पेढे वाटायला लागलास. एकाने विचारलं, "कसाना पेढा, मिलिंदभाऊ?" तू म्हणालास, "पोरीचे. चालायला लागली." सुजाता तर त्याआधीच अंगणभर पळायला लागली होती. मग तू माझ्याही हातावर एक पेढा ठेवलास आणि मी तो खाल्ला.

"कोणी टाकला?" हे तू पुढे भुसावळच्या रस्त्याला लागल्यावर विचारलंस. मी म्हणालो, "मतदान गुप्त असतं."

"मले माहीत आहे कोणी टाकला," तू म्हणालास.

तुला कळवणारे कळवून गेले होते. मतदानाआधी आबा, आमच्यातले एक जुने मेंबर, बोलले होते, सगळ्यांसमोर, मोठ्याने: "आज ह्याले ल्या, उद्या ह्या लोके आठे खुर्ची टाकीसन बठतीन. मंग आपन कोठे जावानं?" दोघे-तिघे हसले, बाकीचे खाली बघत राहिले. 'ह्या लोके' म्हणजे कोण ते त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तुझं गाव बोदवडकडचं, तुझे वडील रेल्वेत, तुमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. आणि वर नट-वायसर घेऊन बसलेले आम्ही.

त्यामुळे वायसर निघाला तसा तो आबांचाच झाला. कुणी चौकशी केली नाही, आबांनीही नाही म्हटलं नाही.

मी का टाकला? लिहिताना हात अडतोय. आबांसारखं काही माझ्या मनात नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. आयटीआयला आपण एका पान्ह्यावर शिकलो, एका डब्यात जेवलो. फैजपूरला माझी आई तुला बाजूला वाढायची आणि मी तिच्याशी भांडून तुझ्या ताटाशेजारी ताट मांडलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान होता. तर मग का? सरळ सांगतो. भीती. आपलं ऑफिस एक, पण व्यापारी फोन करायचे ते तुला. ड्रायव्हर माझ्याकडे पगार घ्यायचे आणि दुखणं तुला सांगायचे. मेंबर झालास की अड्ड्यावर तुझ्या गाड्यांचा स्वतःचा नंबर लागणार, तुझी वेगळी पाटी लागणार, आणि त्या पाटीसमोर माझी पाटी कशी दिसेल ते मला दिसत होतं.

पण एवढ्यावर थांबलो तर पुन्हा खोटं होईल. त्या खोलीत एक वायसर पडला तर बोट कुणाकडे जाईल आणि कशामुळे जाईल, हे मला पिशवीत हात घालताना माहीत होतं. आबांचं बोलणं संपलं तेव्हा मला राग आला नाही, मिलिंद. सुटल्यासारखं वाटलं. मी जातीवरून मत दिलं नाही. मी जातीच्या आडोशाला उभा राहून मत दिलं. यात कुठलं जास्त वाईट ते ठरवायला मी कितीदा तरी बसलो आणि उठलो.

मग त्याच आठवड्यात मी तुला म्हणालो, "जाऊ दे रे. माझ्या नंबरवर लाव गाड्या." तू माझा हात दोन्ही हातांत धरलास.

पुढे सगळं आयुष्य तसंच चाललं. गाड्या तुझ्या, नंबर माझा. लोक म्हणायचे, बघा, किशोर जातपात मानत नाही. मी तुझ्याकडून कधी दलाली घेतली नाही, आणि ते मला पुण्य वाटायचं. वर्ष उलटलं तेव्हा तुला म्हणालो, "पुन्हा अर्ज टाक." मनापासून म्हणालो, हे तुला खरं वाटो न वाटो. तू म्हणालास, "एकदा पेढे वाटून झालेत. पुन्हा कशाचे वाटू?"

आणि तरी असोसिएशनच्या बाजूने भांडायचास तूच. हा आपला वाद राहूनच गेला बघ. मी म्हणायचो, हा नंबर काढून टाका, ज्याच्यात दम असेल तो माल उचलेल. तू उखडायचास. "नंबर नसला तर एकच गाडी असलेल्याने काय करायचं? मोठा माणूस सगळा माल उचलून घेऊन जाईल आणि हा ताडपत्री पांघरून झोपेल." मी म्हणायचो, "ज्यांनी तुला बाहेर ठेवलं त्यांची वकिली करतोस?" तू म्हणायचास, "एकाने ठेवलं. बाकीच्यांनी नट टाकले होते ना? ते विसरू का?" आणि तू चहा पीत राहायचास. अशा वेळी मला जागेवर बसवायचं नाही. मी मालाच्या पावत्यांची बिल्टीबुकं हलवायचो, पंखा कमी-जास्त करायचो. तुला वाटायचं मी वादात हरलो म्हणून चिडलोय.

एक दिवस तर तू माझ्या खणातली किल्ल्यांची वाटी चाळत होतास. गोदामाची किल्ली हवी होती. वाटीतून एक नट निघाला. तू तो चिमटीत धरून उजेडात बघितलास. "हा कुठल्या गाडीचा?"

तो त्या दिवशीचा होता. पिशवीत वायसर सोडला आणि नट माझ्या मुठीत राहिला, दुसऱ्या पिशवीत टाकायचं भानच राहिलं नाही. जिना उतरताना कळलं तेव्हा तळहाताला त्याचा ठसा उमटला होता. नंतर फेकवला नाही. मी तुला म्हणालो, "असाच पडलाय."

"राहू दे," तू म्हणालास आणि वाटीत परत टाकलास. "लागेल कधीतरी."

तुला माहीत होतं का? गेले कित्येक दिवस मी हेच शोधतोय. एकेक आठवण उलटी करून बघतो. दोंडाईच्याहून मिरची भरून निघालो होतो, शिंकून शिंकून आपल्या दोघांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तू म्हणालास, "आता कोणी पाहिलं तर म्हणेल, दोघांचा बाप मेला." तेव्हा माझ्याकडे बघून हसलास त्यात काही होतं का? नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात तू मांडव उतरेपर्यंत थांबलास, त्यात होतं का? नाही. तुला माहीत नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. तू जाणूनबुजून मला सोडून दिलंस, अशी एक गोष्ट तरी हाताशी आली असती. तीही नाही.

आणि कन्नडचा घाट. तो दिवस सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होत नाही. दुपारची वेळ होती, तू चालवत होतास, मी शेजारी. वळणावर एक गाडी उभी, मागच्या चाकाला दगड लावलेले. सावलीत आबा बसले होते, स्वतः. वय झालं तरी गाडीबरोबर जायची हौस त्यांची. आपली गाडी बघून ते उठले आणि त्यांनी हात केला. बंद पडलेल्या गाडीला ओलांडून तू कधी गेला नाहीस, मिलिंद. वैऱ्याचीही गाडी असो, तू म्हणायचास, चाकाला जात नसते. त्या दिवशी तू गिअर बदललास आणि पुढे निघालास. आरशात आबा हात खाली घेताना दिसले. घाट उतरल्यावर म्हणालास, "बरोबर केलं ना मी?"

तू मला विचारत होतास. तुझी खात्री नव्हती. एक शब्द बोललो असतो तर तू गाडी वळवली असतीस. मी म्हणालो, "त्यांना दुसरं कोणी भेटेल." वायसर मी एकदा टाकला असं सगळे धरतील, पण मी मोजतो तर तो घाटातही टाकला.

तू गेल्यावर सुजाता ऑफिसात आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन थोडेच दिवस झाले होते. तुझ्या गाड्या ती चालू ठेवणार आहे, ते तिने आधीच सांगितलं होतं. आता म्हणाली, "काका, मी मेंबर होतेय. स्वतःच्या नंबरवर गाड्या लावणार. सूचक म्हणून सही तुमची हवी. पप्पा म्हणायचे, मी नाही झालो, तू हो, किशोर आहे." मी पेन उचललं. मग ती म्हणाली, "आणि एक. आबांना मतदानाला बसू द्यायचं नाही. मी मेंबरांना फोन करायला सुरुवात केलीय. ज्या माणसाने पप्पांना बाहेर ठेवलं त्याच्या हातात माझा नट नको."

मी सही केली. नाही म्हणता आलं नाही. ती गेली आणि मी ऑफिसातून उठलो तो संध्याकाळपर्यंत अड्ड्यावर फिरत राहिलो, या गाडीपासून त्या गाडीपर्यंत. तुझ्याशी केलेलं माझं पाप तुझ्याबरोबर जाईल असं कुठेतरी धरून चाललो होतो. ते गेलं नव्हतं. तुझ्या पोरीने ते उचललं होतं आणि एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवायला निघाली होती, माझ्या सहीनिशी.

आधी आबांकडे गेलो. ते ओट्यावर खाट टाकून पडले होते. "ये भाऊ, बठ. कसा उनास?" मी उभ्या उभ्या सांगितलं, बसलो असतो तर बोललो नसतो. त्यांनी ऐकलं. चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला.

"मी टाका नही हाई माले माहीत शे ना," ते म्हणाले. "मंग दुसरा कोनी तरी टाका. एवढा हिसाब माले बी येस."

"मग बोलले का नाहीत, आबा? इतकी वर्षं?"

"कोनी इचारंच नही. आनि इचारतं ते काय सांगतू? टाका नही, पन बोलनू ना." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. "मी बोलनू, तू टाका. दोन्ही मिळीसन एकच काम करं."

आतून चहा आला. तो पिताना ते म्हणाले, "घाटमा तू गाडीमा व्हतास. माले दिखना." एवढंच. मला माफी मागायची होती, ती मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते कळलं नाही. कप खाली ठेवून ते म्हणाले, "पोरीले सांग. माले सांगीसन काय उपयोग?"

पोरीला सांगायला मी धुळ्याहून निघालो आणि एरंडोलहून परत फिरलो. दुसऱ्यांदा जळगावच्या बाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो, डिझेल भरलं आणि परत आलो. टाकी भरलेली असताना भरलं. तिसऱ्यांदा पोचलो. तुझ्या भुसावळच्या घरात, तुझ्या फोटोसमोर मला बसवलं. मी सांगितलं.

सुजाता तुझ्यासारखीच आहे. ओरडली नाही. हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं तसंच घेऊन आत गेली, बऱ्याच वेळाने आली. डोळे धुतलेले होते.

"पप्पा शेवटच्या दिवसापर्यंत म्हणायचे, किशोरने सांभाळलं."

"हो."

"तुम्ही ऐकून घ्यायचे."

"हो."

तिने फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "सूचक म्हणून तुमचं नाव काढतेय, काका. बघते दुसरं कोणीतरी." मी मान हलवली. "आणि आबांबद्दल मी ज्यांना ज्यांना फोन केलेत, त्या सगळ्यांना आता तुम्ही फोन करा. मी नाही करणार. काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे."

मी उठलो. चपला घालत असताना ती दारापर्यंत आली. "मतदानाला मात्र या. पण मूठ बंद करून येऊ नका."

मघाशी म्हटलं ना, पारोळ्याला का थांबलो. ते फोन करायला थांबलोय. ऑफिसात सगळे ऐकतात, घरी बायको आहे, तिला रात्री सांगणार आहे. इथे बाजेवर बसून एकेकाला लावतो. "आबांनी टाकला नव्हता, मी टाकला होता." एकाने म्हटलं, "भाऊ, आता तो माणूस गेला, कशाला उकरता?" एकाने फोन ठेवून दिला. एक जुना मेंबर हसला आणि म्हणाला, "मग इतके दिवस मोठेपणा कशाला मिरवला, लेका?" त्याचंच मला सगळ्यात बरं वाटलं. दोन फोन झाले की उठून रस्त्याच्या कडेला उभा राहतो, गाड्या जाताना बघतो. मग परत बसून या कागदावर लिहितो.

सेक्रेटरीलाही विचारलं, उघड्या हाताने मत टाकलं तर चालेल का? तो म्हणाला, "नियमात बसत नाही, भाऊ. उघडं मत बाद धरतात." धरू देत. सुजाताला माझ्या नटाची गरज नाही, तिला बाकीचे पुरतील. आणि आबा त्या दिवशी खोलीत असतील, तिने स्वतः त्यांना निरोप पाठवलाय असं कळलं. काय म्हणाली ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला नाही.

मिलिंद, तुझ्यासोबतचे सगळे दिवस मला खरेच हवे होते. मिरचीची गाडी, आयटीआयचा डबा, नंबरवरून आपलं भांडण, सगळं. तू मला दिलंस ते खोट्या माणसाला दिलं असं तुला वाटेल, पण घेताना मी खोटा नव्हतो. हे पटवायला तू नाहीस, आणि असतास तर मी हे बोललोच नसतो, तेही खरं आहे.

किल्ल्यांच्या वाटीतून मी तो नट काढून खिशात ठेवलाय. लागेल कधीतरी, म्हणाला होतास.

तो तुझा आहे. पिशवीत पडायचा होता, माझ्याकडे राहिला. तो सगळ्यांना दिसेल असा उघड्या हाताने टाकणं, एवढं मी तुझं देणं लागतो.